चौतीस अक्षरांचं बूच

डिंकरावांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, दारावरच्या पाटीवर होतं, आणि आई रागावली की तिच्या तोंडून ऐकू यायचं. बाकी प्रयोगशाळेत सगळे त्यांना डिंकरावच म्हणत. एकाच प्रथिनाला नऊ वर्षं चिकटून बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांच्याबरोबर लागलेले लोक एव्हाना कुठल्या कुठे पोचले होते. एकानं औषधांची कंपनी काढली, एकीला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, आणि एक जण सगळं सोडून मधमाश्या पाळायला लागला. सर्वांत आनंदी तोच दिसायचा. डिंकराव मात्र तिसऱ्या मजल्यावर त्याच खिडकीशी, त्याच डुगडुगत्या स्टुलावर. लोक त्याला चिकाटी म्हणत. डिंकराव मनातल्या मनात म्हणत, दुसरीकडून कुणी बोलावलंच नाही, त्याला चिकाटी म्हणायला काय जातंय!

त्या प्रथिनाचं नाव लांबलचक होतं, पण लघुरूप सुटसुटीत होतं : टॅप. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही नेमकं काय करता?" डिंकरावांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. सासरे शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे नळ." झालं. तेव्हापासून घरात ते प्रथिन नळच झालं. ही बातमी इतकी पसरली, की एकदा शेजारच्या काकूंनी स्वयंपाकघरातला गळका नळ बघायला बोलावलं. डिंकराव गेलेसुद्धा. पाऊण तास खटपट केली, आणि मग काकूंना खरा प्लंबर बोलवावा लागला, तोही आधीच्या दुप्पट कामासाठी.

पण नळ हा शब्द तसा अगदीच वावगा नव्हता. आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर मांडून ठेवत असते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, ते तुकडे एका पातळ पडद्यापलीकडे जातात, तिथं दुसऱ्या एका प्रथिनावर बशीत वाढल्यासारखे बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतात. बाहेर गस्तीच्या पांढऱ्या पेशी फिरत असतात. घरचाच तुकडा दिसला तर त्या पुढे जातात. विषाणूचा दिसला तर त्या पेशीचा तिथल्या तिथं निकाल लावतात. तुकडे पडद्यापलीकडे ढकलायचं काम हा नळ करतो. आणि ओठावर फोड आणणारा जो एक विषाणू आहे, त्याला हे पक्कं ठाऊक असल्यासारखं तो एक इवलंसं प्रथिन बनवतो, आणि ते जाऊन नळात बुचासारखं बसतं. तुकडे अलीकडेच अडकतात, बशी रिकामी राहते, आणि गस्तवाल्यांना वाटतं, सगळं आलबेल.

त्या बुचाचा कामाचा भाग चौतीस कड्यांचा. प्रत्येक कडीला एक अक्षर, म्हणजे चौतीस अक्षरांची एक ओळ. ती ओळ कंपनीला लिहून पाठवली, की तीन आठवड्यांनी चिमूटभर पांढरी पूड यायची. तिच्याबरोबर दुसरी एक ओळ असायची : तीच चौतीस अक्षरं, पण विस्कटून उलटसुलट लावलेली. हे खोटं बूच. खऱ्यानं नळ बंद व्हायला हवा, खोट्यानं होता कामा नये. मगच म्हणायचं, की बुचात काहीतरी अर्थ आहे.

नऊ वर्षांत डिंकरावांनी नळाच्या आतलं एकेक अक्षर बदलून पाहिलं होतं. बेत असा, की बूच नीट बसणारच नाही पण तुकडे मात्र जात राहतील असा नळ बनवायचा. बहुतेक वेळा नळ बनायचाच नाही. बनला तर पेशीतून सोडवून घ्यायच्या साबणाच्या पाण्यात जीव सोडायचा. जगला तर आधीसारखाच मुकाट बूच घालून घ्यायचा. डिंकराव वहीत लिहीत : "फरक नाही." अशा "फरक नाही"च्या आठ वह्या भरल्या होत्या.

नवव्या वहीत फरक पडला.

नवा नळ, त्यात बूच घातलेलं, आणि तरीही यंत्राचा आकडा भराभर वर चढला. तुकड्यांना हिरवी चमक देणारा रंग लावलेला असतो; जितके तुकडे पलीकडे गेले तितकी चमक. इथं तर बूच घातलंय की नाही असा प्रश्न पडावा इतका लखलखाट. डिंकराव स्टुलावरून उठले, हात धुऊन आले, पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी परत केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. तेच. साध्या, न बदललेल्या नळाचा प्रयोग दीड महिन्यापूर्वी झालेलाच होता, त्यात तो बुचानं ठप्प झालेला होता. तोच पुन्हा कशाला करायचा, म्हणून जुने आकडे शेजारी लावले. आलेख काय देखणा झाला! डावीकडे जमिनीला टेकलेला जुना नळ, उजवीकडे छाती काढून उभा नवा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कौतुकाच्या बाबतीत हात फार आखडता घेणाऱ्या. "चुकीचं दिसत नाही" ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. त्यांनी आलेख चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि म्हणाल्या, "हं. हे परिषदेत सांगू या. तूच सांग." डिंकरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना व्यासपीठ मिळणार होतं, चांगलं पंधरा मिनिटांचं. ते जिन्यानं खाली उतरताना कठड्याला धरून उतरले, कारण आता आपण पडून चालणार नाही असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आलेली. ती म्हणाली, "म्हणजे ओठावरच्या फोडावर औषध निघणार?"

"तसं नाही. अजून फार लांब आहे ते."

"पण निघू शकेल?"

इथं खरं उत्तर एवढंच होतं, की माहीत नाही. डिंकराव म्हणाले, "नाही असं म्हणता येणार नाही."

हे वाक्य बायकोकडून तिच्या वडिलांकडे गेलं. सासरे छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका काढायच्या, हेच त्यांचं आयुष्य. निवृत्त झाल्यावर वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या मंडळाचे ते चिटणीस झाले, आणि तिथं त्यांच्या हाती फलक लागला. चार दिवसांत फलकावर ठळक अक्षरांत सूचना झळकली : "विषाणूवर मात! आमच्या जावयांचे व्याख्यान. गुरुवारी संध्याकाळी साडेपाच." 'आमच्या' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता.

डिंकराव फोनवर म्हणाले, "बाबा, मात वगैरे नाही हो..." पण हे ते इतक्या हळू म्हणाले, की सासऱ्यांच्या कानात यंत्र होतं तरी पोचलं नाही. आणि खरं सांगायचं तर, ते पोचू नये असंच त्यांना वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ते वाट वाकडी करून वाचनालयावरून गेले आणि फलक वाचून आले. मग रस्ता ओलांडून पलीकडून पुन्हा वाचला. तिथूनही दिसत होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांच्या खालच्या ओठाला उजव्या कोपऱ्यात मुंग्या यायला लागल्या. डिंकरावांनी तिकडे दुर्लक्ष केलं. चहा पिताना बायकोनं कप खाली ठेवला.

"ओठ दाखव."

"काही नाही, दाढी करताना..."

"ओठावर दाढी करतोस? दाखव."

तिनं हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, अगदी पेशंटची वळवावी तशी, आणि मग ती जी हसत सुटली! "अरे, फोड येतोय तुझ्या ओठावर! तोच, तुझा विषाणू. विषाणूवर मात!"

"ताणामुळे येतो कधीकधी," डिंकराव जमेल तितक्या अभ्यासू आवाजात म्हणाले. "तो मज्जातंतूत लपून राहतो. एकदा शिरला की जन्मभर असतो."

"हो का? घे हे मलम. टॉवेल वेगळा ठेव, चमचा वेगळा ठेव, आणि माझ्यापासून लांब राहा."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? डिंकरावांनी मलम लावलं. दुपारपर्यंत तिथं मोहरीएवढे तीन फोड उभे राहिले होते.

दुपारी सासरे जेवायला आले. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून लाकडी पट्टी, लाल पेन आणि भिंग काढलं. "जावईबापू, परिषदेत दाखवणार ते कागद आणा. एक नजर टाकतो. मोठमोठ्या लोकांसमोर शुद्धलेखनाची चूक नको."

"बाबा, सगळं इंग्रजीत आहे."

"मग तर जास्तच नीट पाहिलं पाहिजे. मला अर्थ कळायची गरज नाही. अर्थ कळला की चूक दिसेनाशी होते. आणि मूळ प्रत द्या. मूळ प्रतीशिवाय मी मुद्रित वाचत नाही."

मूळ प्रत म्हणजे काय द्यायचं, हे डिंकरावांना कळेना. त्यांनी जे हाताला लागलं ते सगळं छापून दिलं : वहीची पानं, यंत्राचे आकडे, कंपनीकडून पुडीबरोबर आलेली चिठ्ठी. म्हातारा माणूस तासभर रमेल, असा हिशोब. स्वतः सोफ्यावर आडवे झाले आणि परिषदेत टाळ्या संपल्यावर पहिला प्रश्न कोण विचारेल, याचा विचार करू लागले.

सासरे ओळीखाली पट्टी धरून उजवीकडून डावीकडे वाचत होते, एकेक अक्षर पुटपुटत. बराच वेळ तेवढाच आवाज येत होता. मग तो थांबला.

"जावईबापू, हे चौतीस अक्षरांचं काय आहे?"

"ते बूच, बाबा. विषाणूचं."

"ते तुमच्या कागदावर एक आहे आणि कंपनीच्या चिठ्ठीवर दुसरं आहे."

डिंकराव पडल्या पडल्या हसले. "दोन असतात, बाबा. एक खरं, एक खोटं."

"हो, खोटंही इथं तुमच्या कागदावर आहे. मी तिन्ही ताडून पाहिली. चिठ्ठीवर वर लिहिलंय खरं, आणि खाली अक्षरं आहेत खोट्याची." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अक्षरं तीच आहेत, फक्त विस्कटलीत. आमच्याकडे छापखान्यात जुळवलेले अक्षरांचे खिळे सांडले, की असं व्हायचं."

डिंकराव उठून बसले. मग उभे राहिले. मग टेबलाशी जाऊन त्यांनी पट्टी धरली आणि पहिल्यांदाच आयुष्यात ती चौतीस अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचली.

पहिला विचार आला, कंपनीची चूक! त्या विचारानं त्यांना पाच मिनिटं फार बरं वाटलं. त्या पाच मिनिटांत कंपनीला पाठवायचं खरमरीत पत्रही मनात तयार झालं. नाचता येईना की अंगण वाकडं असतंच. मग त्यांनी स्वतःचीच जुनी मेल उघडली. जुनी कुपी संपत आली म्हणून नवं खरं बूच मागवताना त्यांनी फाइलमधून ओळ उचलली होती. फाइलमध्ये वर खऱ्याची ओळ, खाली खोट्याची. त्यांनी उचलली होती खालची. कंपनीनं बिचारीनं जे मागितलं ते बिनचूक बनवून दिलं होतं. पुडीबरोबर वजनाची खात्री करणारा कागदही होता, आणि तोही बरोबर होता. तीच अक्षरं विस्कटली तरी वजन कुठे बदलतंय?

म्हणजे नव्या नळात खरं बूच कधी गेलंच नव्हतं. ज्या बुचानं बंद व्हायचंच नसतं, त्यानं नळ बंद होत नाही, हे डिंकरावांनी तीन वेळा सिद्ध केलं होतं. चुकीचा नंबर तीनदा फिरवून तीनदा तोच अनोळखी माणूस फोनवर आला, म्हणून तो आपला मामा ठरत नाही.

"फार मोठी चूक आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

बायको दारात येऊन उभी होती. डिंकरावांना काहीतरी हलकंफुलकं बोलायचं होतं, पण ओठ ताणला की फोड ठणकायचा. ते म्हणाले, "शुद्धलेखनाचीच आहे."

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांनी प्रयोग लावला. साधा, न बदललेला नळ घेतला आणि त्यात ती नवी पूड घातली. खरं बूच असतं तर आकडा खाली पडून राहिला असता. आकडा चढत गेला. नऊ वर्षांत हिरवी चमक नकोशी वाटण्याची ही पहिलीच वेळ. अकरा वाजता ते मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मान खाली होती. अर्धी शरमेनं, अर्धी फोडामुळे.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कुणी शोधलं?"

"सासऱ्यांनी."

"कुठल्या संस्थेत असतात?"

"निवृत्त मुद्रितशोधक आहेत."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आपल्याकडे येतील का, विचार." यात चेष्टा किती आणि खरं किती, ते डिंकरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. "हे बघ, ओळ चुकली ती चूक नव्हे. ओळ कुणाचीही चुकते. साधा नळ त्याच दिवशी, त्याच पुडीबरोबर शेजारी का नाही लावलास? पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण हेच शिकवतो."

डिंकरावांकडे तीन उत्तरं तयार होती. वेळ नव्हता, साधा नळ संपत आला होता, जुने आकडे चांगले होते. तिन्ही खरी होती. पण तोंडून चौथंच निघालं. "मला हवं ते उत्तर आलं होतं, मॅडम. पुन्हा विचारायची भीती वाटली."

"मीसुद्धा नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "मी तर विचारायलाच बसलेय इथं. बरं, परिषदवाल्यांना मी आज कळवते, व्याख्यान रद्द. तू खरं बूच मागव. तातडीनं. आणि ओळ पाठवण्याआधी कुणाला तरी वाचायला दे. तुझ्याखेरीज कुणालाही."

त्या दिवशी डिंकरावांनी प्रयोगशाळेतल्या सातही जणांना एकेकाला गाठून सांगितलं. एकदम सांगणं सोपं गेलं असतं, पण आनंदाची बातमी त्यांनी एकेकाला गाठूनच सांगितली होती. कुणी हळहळलं, कुणी "होतं असं" म्हणालं. फ्रीजची व्यवस्था बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. इतकं चांगलं आपल्याकडे कुठे होतं?" त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू मुळीच नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

राहिला गुरुवार. बुधवारी सासऱ्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "मी फलक पुसतो. तुम्ही आजारी आहात असं सांगतो."

"नको, बाबा."

"माझंच चुकलं. कशाला वाचायला बसलो मी? अडतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, एक तुमची राहू द्यायची होती."

डिंकरावांना वाटलं होतं, की या प्रकरणात सर्वांत केविलवाणे आपणच आहोत. तेवढाही मान हातचा जाताना पाहून त्यांना जरा राग आला, आणि मग सासऱ्यांबद्दल माया वाटली. "बाबा, परिषदेत दोनशे लोकांसमोर एखाद्यानं उठून विचारलं असतं, तर मी काय केलं असतं? तुम्ही जेवणाच्या टेबलावर विचारलंत. मी येतो उद्या. फलकावरचं पहिलं वाक्य तेवढं पुसा."

सासऱ्यांनी पुसलं, पण उद्गारचिन्ह राहून गेलं. गुरुवारी फलकावर नुसतंच "! आमच्या जावयांचे व्याख्यान" असं दिसत होतं.

खोलीत तीसेक खुर्च्या होत्या आणि निम्म्याहून जास्त भरल्या होत्या. बायको दवाखाना लवकर बंद करून मागं येऊन बसली. डिंकरावांनी तोंडाला मास्क लावला होता, पण दोनच वाक्यांत मागच्या रांगेतून आवाज आला, "ऐकू येत नाही, ते काढा." काढला. पहिल्या रांगेतल्या बाईंची नजर थेट ओठावर गेली. त्या पूर्वी शाळेत शिकवत असाव्यात, कारण कुणी हात वर करायची वाट न बघता त्यांनी विचारलं, "तुम्ही ज्याच्यावर मात केली, तो हाच का?"

खोलीत हशा पिकला. डिंकरावही हसले, आणि फोड उलला.

"हाच," ते रुमाल लावत म्हणाले. "मी नऊ वर्षं याच्या मागे आहे. रविवारपासून तो माझ्या पुढे आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नळ, बूच, बशी, गस्त. आणि मग आलेख लावला, तोच देखणा, आणि तो खोटा का आहे ते सांगितलं. फाइलमधली वरची ओळ, खालची ओळ. कुणी पकडलं, तेही सांगितलं. सासरे भिंतीशी उभे होते. सगळे वळून त्यांच्याकडे पाहू लागले तशी ते उगाच खुर्च्या सरळ करायला लागले.

"मग खरं बूच घातल्यावर काय होतं?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. पुडी यायचीय. कदाचित नवा नळ खरंच बंद होत नसेल. कदाचित होत असेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारून पाहिलं मी," डिंकराव म्हणाले. "त्यामुळंच हे सगळं झालं."

प्रश्न संपेनात. गस्तवाल्या पेशी चुकून घरच्याच तुकड्यावर तुटून पडल्या तर? बूच कायमचं बसतं की निघतं? विषाणूला कसं कळतं कुठं बसायचं? एक आजोबा म्हणाले, "लग्नानंतर आमची ही शिकत होती, तेव्हा तिच्या ओठावर दर परीक्षेला यायचा. मला वाटायचं, परीक्षेला न जायचं सोंग. पंचेचाळीस वर्षं झाली, आज जाऊन माफी मागतो." डिंकरावांनी एवढं लांब व्याख्यान आयुष्यात दिलं नव्हतं. परिषदेत पंधरा मिनिटं मिळणार होती. इथं वाचनालयाच्या माणसानं दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा कुठं लोक उठले.

घरी चालत येताना सासरे म्हणाले, "व्याख्यान चांगलं झालं. फक्त 'त्यामुळं' आणि 'त्यामुळे' असं दोन्ही म्हणालात. एक काहीतरी ठरवा."

पुडी दोन आठवड्यांनी आली. ओळ या वेळी सासऱ्यांनी वाचून सही करून दिली होती. डिंकरावांनी साधा नळ आणि नवा नळ शेजारी शेजारी लावले. खरं बूच, खोटं बूच, आणि बिनबुचाचा, असे सगळे. आकडे यायला दोन तास लागले. साधा नळ बुचानं बंद झाला. नवा नळही बंद झाला. तितकाच घट्ट. खोट्या बुचानं दोन्ही चालू राहिले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशी केलं, आणि नवव्या वहीत लिहिलं, "फरक नाही." अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं. आशा मात्र दोन आठवडे कुठेतरी बारीक चालू होती, हे ती संपल्यावर कळलं. त्या दुपारी ते बराच वेळ हात धूत उभे राहिले.

परिषदेला मॅडमनी त्यांना तरीही पाठवलं. व्याख्यान नाही, एक पोस्टर, आणि पोस्टरची जागा कॉफीच्या यंत्रामागच्या कोपऱ्यात. मथळा मॅडमनी स्वतः लिहिला होता, आणि त्यात नळाचं ते अक्षर बदलून काहीही होत नाही, एवढंच स्पष्ट सांगितलं होतं. दोन दिवसांत लोक आले ते कॉफी घ्यायला, आणि साखर कुठाय म्हणून विचारायला. डिंकरावांना साखरेची जागा पाठ झाली.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई कप हातात घेऊन थांबल्या. पोस्टर वाचलं, पुन्हा वाचलं. "हाच बदल तुम्ही केलात?"

"हो. काही झालं नाही."

"आणि दोन्ही नळ एकाच दिवशी, एकाच पुडीनं?"

"दुसऱ्या खेपेला," डिंकराव म्हणाले. "पहिल्या खेपेला मी गाढवपणा केला होता." आणि तोही त्यांनी सांगितला.

बाईंनी कप यंत्रावर ठेवला. "आम्ही पुढच्या महिन्यात हाच बदल करणार होतो. एक मुलगी आठ महिने त्यावर बसवणार होते मी." त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. "आमच्याकडे शेजारचं अक्षर बदललेला नळ आहे. तो थोडा ढिला वाटतो. थोडाच, हं. माझा विश्वास नाही अजून. तुम्ही तुमच्या हातानं करून बघाल?"

डिंकराव लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "साधा नळ शेजारी लावला होतात का?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

तो नळ बर्फात घालून महिन्याभरानं आला. त्यानंतरच्या एका मंगळवारी डिंकराव संध्याकाळी घरी आले, बूट काढले आणि पंख्याखाली बसले. बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला.

"काय झालं आज?"

"थोडा ढिला आहे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"थोडं चांगलं. बूच असूनही शंभरातले बारा तुकडे जातात. जुन्यात तीनच जायचे."

"मग चेहरा असा का? नीट नाही झालं का काही?"

"तीनदा झालं. सगळं शेजारी लावून."

"बाबांना सांगू?"

डिंकरावांनी विचार केला. "चौथ्यांदा झालं की सांग," ते म्हणाले, आणि जेवायला काय आहे ते बघायला आत गेले.